कुठे कडक, कुठे मऊ

संगणकाला एक साधी गोष्ट ठाऊक नसते: एका वस्तूतून दुसरी वस्तू आरपार जात नाही. रांगतं मूल टेबलाच्या पायावर एकदा डोकं आपटतं आणि जन्माचं शहाणं होतं. पण कारखान्याच्या तळमजल्यावर, थंडगार खोलीत दिवसरात्र घोंघावणाऱ्या त्या महागड्या यंत्राला मात्र दर वेळी नव्यानं समजवावं लागे, की बाबा रे, हा हुक, हा खटका, दोघं एकमेकांना टेकले की थांबायचं, आत घुसायचं नाही. ही समजूत घालायला तिथे पगारी माणसं ठेवलेली होती. त्यांतलीच ती एक.

कारखान्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उचलायची यंत्रं बनत. चाकं लावलेल्या दोन लांब पायांवर उभा खांब, खांबातून पुढे आलेला हात, हाताच्या टोकाला आडवी दांडी आणि दांडीला हुक. माणसाच्या पाठीखालून झोळी सरकवायची, झोळीचे पट्टे हुकांत अडकवायचे, रिमोटचं बटण दाबायचं, की माणूस अलगद वर. पट्टा निसटू नये म्हणून प्रत्येक हुकाच्या तोंडावर स्प्रिंगचा एक खटका असे. नव्या मॉडेलात तो खटका हलका आणि बारीक केला होता. खरी माणसं त्या हुकाला लटकण्याआधी ती संगणकात लटकवून बघायची, हे तिचं काम.

ऑफिसात तिला गोगलगाय म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. कारण तिचं गणित संपता संपत नसे. टेकलेल्या दोन वस्तूंच्या मध्ये संगणक न दिसणाऱ्या स्प्रिंगा मांडतो. त्या मऊ ठेवल्या की गणित भराभर पळतं, पण वस्तू एकमेकींत केसभर रुततात. कडक ठेवल्या की रुतत नाहीत, पण मग गणित थरथरायला लागतं, आणि ते सावरायचं तर वेळेचे इतके बारीक तुकडे करावे लागतात की हुकाला एक झोका द्यायला यंत्राला आठवडेच्या आठवडे पुरत नाहीत. काकडी जाड चिरली तर चुटकीसरशी होते, पातळ चिरायची तर बसा चिरत. ती पातळ चिरणारी होती.

शेजारच्या टेबलावर झटपट बसे. हेही अर्थात टोपणनाव. तो मऊ स्प्रिंगांचा भक्त. सकाळी डिझाइन आलं की दुपारी त्याचं उत्तर तयार. माणूस कामचुकार नव्हता, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्यही होतं.

"तू एका हुकाचं सत्य शोधत बसतेस तोवर मी दहा हुक तपासून मोकळा होतो," तो म्हणे. "त्यातले सहा भंगार निघतात. ते माझ्यामुळेच कळतं ना?"

"आणि उरलेले चार?"

"ते तुझ्या नशिबी."

दोघांच्या वर लगेचसाहेब. खरं नाव वेगळं होतं, पण कुठलंही काम कधीपर्यंत हवं असं विचारलं की त्यांच्या तोंडून एकच शब्द यायचा, आणि शेवटी तोच त्यांना चिकटला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असा सगळा कारभार.

नव्या मॉडेलच्या हुकाचं झटपटनं उत्तर काढलं: खटका टिकतो. प्रयोगशाळेनंही हुकाला वजनं टांगून बघितली आणि टिकतो म्हणून कळवलं. आता अहवालावर तिची सही झाली की यंत्रं बाहेर पडणार होती. सही करण्याआधी तिनं झटपटच्या उत्तरातलं चित्र पडद्यावर मोठं करून पाहिलं. खटक्याचं टोक जिथे हुकाच्या नाकाला, म्हणजे त्याच्या उघड्या शेंड्याला, टेकतं तिथे जाऊन थांबली. टोक टेकलं नव्हतं, रुतलं होतं. पोलादात पोलाद शिरलं होतं, केसभरच, पण त्या केसभर खड्ड्यात ते छान बसलं होतं. बसलेलं टोक सरकणार कसं? खऱ्या हुकाला असा खड्डा नव्हता. आधीच्या मॉडेलचा खटकाही नेमका टोकाशीच एकदा सुटला होता, हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं.

एरवी तिनं शांतपणे कडक स्प्रिंगा लावल्या असत्या आणि लोकांच्या शिव्या खात बसली असती. या वेळी गोची निराळी होती. नव्या मॉडेलची काही नमुना-यंत्रं गरजू कर्मचाऱ्यांना घरी वापरायला दिली होती, आणि त्यातलं एक तिनं स्वतः हातापाया पडून मागून घेतलं होतं. ते तिच्याच घरात उभं होतं. त्या हुकाला रोज तिचे सासरे लटकत होते.

सासऱ्यांना घरात आप्पा म्हणत. उभी हयात बस चालवलेला रुंद, भारदस्त माणूस. एक दिवस झटका आला आणि डावं अंग गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली, किंबहुना अंगातली सगळी ताकद जिभेत येऊन बसली. सुरुवातीला नवराच त्यांना उचलून खुर्चीत बसवायचा. उचलता उचलता त्याची पाठ गेली, आणि आता तो चष्म्याच्या दुकानात कमरेला जाड पट्टा आवळून गिऱ्हाइकांना काचा दाखवत उभा राही. बाप पलंगावर आणि मुलगा डॉक्टरकडे, अशा अवस्थेत ते यंत्र घरात आलं. आप्पा त्याला क्रेन म्हणत.

क्रेनमुळे आप्पांना खिडकी मिळाली. खिडकीखाली चार रस्त्यांचा चौक होता, आणि सकाळी एकदा खुर्चीत बसले की तो चौक आप्पाच चालवत. "अरे, इंडिकेटर दे की गाढवा!" "हा बघ, सासुरवाडीला निघाल्यासारखा वळण घेतोय!" "शाब्बास, ह्याला म्हणतात ब्रेक." आवाज खाली कुणाला ऐकू जात नसे, पण त्यानं आप्पांचं काही अडत नव्हतं. संध्याकाळी ते दमून, समाधानानं जेवत, आणि कोणाचा परवाना जप्त करायला हवा याची यादी मुलाला ऐकवत.

टोकाचा तो खड्डा पाहिला त्या दिवशी घरी येऊन तिनं यंत्र भिंतीला लावलं आणि चाकं अडकवून टाकली.

"आप्पा, थोडे दिवस क्रेन बंद."

"का गं? डिझेल संपलं?"

"हुकाची तपासणी चाललीये."

"अगं, माझ्यासारखा रेडा इतके दिवस झेलला की त्यानं."

"आजवर टिकला म्हणून उद्या टिकेल असं नसतं ना."

आप्पांनी उजव्या हातानं हनुवटी खाजवली. "गाडीची तपासणी असली की गाडी डेपोत आणि ड्रायव्हर मोकळा. इथे ड्रायव्हरच डेपोत. किती दिवस म्हणालीस?"

"गणित संपेपर्यंत."

"बघ बाई. शाळेत ह्या गणितानं मला वर्गाबाहेर काढलं होतं. आता म्हातारपणी आत कोंडतंय."

ती हसली, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिला फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

नवऱ्याला तिनं खरं कारण सांगितलं. तो भडकला. "मग जुनं मॉडेल आण!"

"बनवायचं बंद झालंय. गोदामात एकही नाही."

"मग मी उचलतो."

"आणि तुला कोण उचलणार?"

"तुम्हीच बनवायचं, तुम्हीच भ्यायचं," एवढं पुटपुटून तो कूस बदलायला गेला, आणि पाठीतून कळ आली म्हणून तसाच अर्धवट पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं हुकातल्या सगळ्या स्प्रिंगा कडक केल्या, वेळेचे तुकडे बारीक केले आणि गणित सुरू केलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. ती पट्टी उजवीकडे सरकायची असते. ती सरकत होती, पण नख वाढतं तशी. तळमजल्यावरचं यंत्र सगळ्या विभागाचं एकच, त्यामुळे तिच्या मागे इतरांची गणितं खोळंबली.

"तुझ्या बैलगाडीमागे आमच्या सगळ्या मोटारी अडकल्यात," झटपट म्हणाला. तो चिडलेला नव्हता. बाकीचे होते. चहाच्या यंत्राजवळ ती गेली की बोलणं थांबे, आणि ती कप घेऊन वळली की पुन्हा सुरू होई.

दिवसभर ती हिरवी पट्टी बघे, आणि घरी गेली की आप्पांचा चेहरा बघे. पहिले काही दिवस आप्पांनी थट्टा चालू ठेवली. छतावरच्या ओलीच्या डागाला त्यांनी चौक मानलं आणि कोळ्याला दंड ठोठावला. मग थट्टा कमी झाली. मग खाली हॉर्न वाजला की ते तोंड भिंतीकडे फिरवायला लागले. कमरेखालची कातडी लाल झाली. ती त्यांना कुशीवर वळवून मलम लावी, उशा खोचून देई, आणि तेवढ्यानं काही होणार नाही हे तिला कळे. एका संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"दोन घास तरी खा, आप्पा."

"ज्याला हलायचं नाही त्याला भूक कशाला लागेल?"

चिडून म्हणाले असते तर तिला चाललं असतं. ते अगदी साधेपणानं म्हणाले. हा माणूस तिला लग्नानंतर पहिल्या दिवसापासून आवडला होता. तिला स्कूटर त्यांनीच शिकवली होती, मागे धावत, आरडाओरडा करत. आणि आता तीच त्यांना अंथरुणात बांधून ठेवत होती, तेही त्यांच्याच भल्यासाठी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लगेचसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. त्यांच्याकडे कुणी फार वेळ बसू नये अशी योजना होती.

"शुक्रवारी अहवाल हवा."

"साहेब, हे गणित शुक्रवारी संपणार नाही."

"मग संपेल असं लाव."

"मग उत्तर चुकायची शक्यता आहे."

"आणि तुझ्या पद्धतीनं उत्तर यायचीच शक्यता नाही. न आलेलं बरोबर उत्तर घेऊन मी काय करू? गळ्यात बांधू?" त्यांनी खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला. मग आवाज थोडा खाली आणला. "इस्पितळं रोज फोन करतात. लोक पलंगावर नुसते पडून आहेत गं. कातडी सोलवटतेय त्यांची. तुला काय वाटतं, मला काही कळत नाही?"

ते तिच्या घरचंच बोलत होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. ती रागानं भरून आत आली होती. बाहेर पडताना तो राग कुठे ठेवावा हे तिला समजेना.

टेबलाशी येऊन तिनं हिरव्या पट्टीकडे पाहिलं आणि तिचं तिनंच ते गणित बंद केलं. मग झटपटला हाक मारली.

"सगळीकडे कडक नको. जिथे भीती आहे तिथेच कडक, बाकी तुझ्यासारखं मऊ. शुक्रवारच्या आत होईल?"

झटपटनं खुर्ची ओढली. "गोगलगाय नि पोटात पाय! हे मनात होतं तर आम्हाला इतके दिवस कशाला ताटकळत ठेवलंस?"

मनात नव्हतं, पण तिनं ते सांगितलं नाही. झटपट खूश झाला होता. मनापासून मदतीला बसला. यात लबाडी म्हणावी असं काही नव्हतं. जाणती माणसं असंच करतात, याच्यावर मोठाले प्रबंध लिहिले गेलेत. फक्त एक मेख आहे. कुठे कडक आणि कुठे मऊ हे आधी ठरवावं लागतं. आणि हुक कुठे दगा देणार हे आधीच ठाऊक असतं, तर गणित करायचंच कशाला?

खटक्याचं टोक आणि हुकाचं नाक तिनं कडक केलं. तिथे कुणाचं दुमत नव्हतं. मग पडद्यावरचा तिचा बाण हुकाच्या पोटाशी आला, जिथे झोळीचा पट्टा बसतो. इथेही कडक करावं का? कापडी पट्टा, गुळगुळीत पोलाद, वळणदार जागा. कडक केलं तर शुक्रवार हुकणार, कदाचित पुढचाही. बाण तिथेच फिरत राहिला.

"ते राहू दे गं," झटपट म्हणाला. "पट्टा पोटातच बसणार. जाईल कुठे?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिनं यावर त्याच्याशी दुपारभर वाद घातला असता. जाईल कुठे हे विचारायलाच तर आपल्याला पगार देतात, असं काहीतरी कुजकट बोलली असती. पण तिच्या डोळ्यांपुढे बाजूला सरकवलेलं ताट आलं. तिला उत्तर हवं होतं. त्याहून खरं सांगायचं तर तिला 'टिकतो' हे उत्तर हवं होतं, आणि ते लवकर हवं होतं. जन्मभर लोकांच्या घाईला नावं ठेवणाऱ्या बाईला पहिल्यांदाच घाई झाली होती, आणि तिला ती घाई वाटलीसुद्धा नाही, माया वाटली.

"राहू दे," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. खटक्याच्या टोकाशी तिनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. टोक नाकाला नीट टेकलं होतं. कुठेही रुतलं नव्हतं, आणि सुटलंही नव्हतं. झोका दिला, वजन वाढवलं, तरी जागचं हललं नाही. कडक स्प्रिंगांनी दिलेला निर्वाळा. यात खोट काढायला जागा नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं. हुकाच्या पोटाशी तिनं बाण नेलाच नाही. दृष्टिआड सृष्टी.

सही करताना सगळे भोवती उभे होते. "गोगलगाय धावली रे!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. चहाच्या यंत्राजवळ गप्प होणारी माणसं आता तिच्या पाठीवर थाप मारत होती. लगेचसाहेब स्वतः खोलीबाहेर आले, अहवाल हातात घेतला, तिथूनच गोदामाला फोन लावून खोकी गाडीत चढवायला सांगितली.

"तू आज सुट्टी घे," ते तिला म्हणाले. "लगेच जा घरी."

घरी आली तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"आप्पा, गणित सुटलं."

मान वळायला वेळ लागला. "पास की नापास?"

"पास."

"सगळी तपासणी झाली?"

"झाली. आज जेवणाआधी खुर्चीत बसायचंय तुम्हाला."

आप्पांच्या तोंडाची चांगली बाजू हलली. "मग आधी दाढी कर माझी. इतक्या दिवसांनी चौकात तोंड दाखवायचं, म्हणजे कसं?"

तिनं गरम पाणी आणलं, साबण लावला, हळूहळू दाढी केली. आप्पा डोळे मिटून पडले होते आणि अधूनमधून "गालावर खड्डे आहेत, सांभाळून घे वळण" असं बजावत होते. ती मोठ्यानं हसत होती. खूप दिवसांनी घरात कुणीतरी हसत होतं. मग तिनं त्यांच्या पाठीखालून झोळी सरकवली, पट्टे हुकांत अडकवले, एकेक खटका बोटानं दाबून पाहिला आणि बटण दाबलं. आप्पा वर आले. पलंग सुटला.

"होऽ!" आप्पा म्हणाले. "सुटली गाडी."

यंत्र ढकलायला दोन्ही हात लागतात. तिनं रिमोट खांबाच्या मागच्या बाजूला अडकवला आणि यंत्र खिडकीकडे ढकलू लागली. पलंग मागे राहिला होता आणि खुर्ची अजून यायची होती, एवढ्यात खाली कुणीतरी लांबलचक हॉर्न दिला. आप्पांना धीर धरवला नाही. उजव्या हातानं त्यांनी आडवी दांडी पकडली आणि अख्खं अंग खिडकीकडे वळवलं.

"कोण रे तो शहाणा?"

झोळी गर्रकन फिरली, झोका बसला. तिनं यंत्र आवरलं आणि सवयीनं वर, खटक्याच्या टोकाकडे पाहिलं. टोक नाकाला पक्कं टेकलेलं होतं, पडद्यावर दिसलं अगदी तसं. तिचं समाधान झालं. मग तिची नजर पट्ट्यावर गेली.

पट्टा हुकाच्या पोटात नव्हता. आप्पांच्या खांद्याकडचा तो पट्टा पोलादाच्या वळणावरून सरसरत वर चढला होता आणि खटक्याच्या मुळाशी, बिजागरीपाशी, बाजूनं रेटून बसला होता. बारीक खटका कलला होता. टोक शाबूत, आणि मुळाशी फट. पट्ट्याची एक कड त्या फटीतून बाहेर आली होती.

तिला सगळं एका क्षणात कळलं. संगणकात पट्टा जागचा हलला नव्हता, कारण मऊ स्प्रिंगांनी त्याला पोलादात केसभर रुतू दिलं होतं. रुतला म्हणून धरला गेला. खरा पट्टा घसरतो. प्रयोगशाळेतल्या वजनांना हे कळायचा प्रश्नच नव्हता. लोखंड हॉर्न ऐकून वळत नाही. तिनं टोक जपलं होतं, कारण भीती टोकाची होती. जिथे भीती वाटली नाही तिथे तिनं पाहिलं नाही.

ती यंत्राच्या दोन पायांमध्ये शिरली, आप्पांच्या खांद्याखाली स्वतःचा खांदा दिला आणि दोन्ही हातांनी त्यांना कवटाळलं. त्यांचा भार तिच्यावर आला तसा पट्टा जरा सैल झाला, पण जागेवर परतला नाही. फटीतली कड तशीच बाहेर. तिनं एक हात सोडला असता तर भार पुन्हा पट्ट्यावर गेला असता. रिमोट खांबापलीकडे. फोन स्वयंपाकघरात. दार आतून लावलेलं, म्हणजे ओरडून कुणी आलं तरी बाहेरच उभं राहणार. किल्ली नवऱ्याकडे होती, आणि तो जेवायला येणार होता, पण त्याला अजून अवकाश होता.

"अगं, थांबलीस का?" आप्पा म्हणाले. "चल की पुढे."

"आप्पा, हलू नका."

"काय झालं?"

"पट्टा सरकलाय. काही नाही होणार, मी धरलंय. तुम्ही हलू नका फक्त."

आप्पांनी दांडीवरची पकड हळूच सोडली आणि तो हात तिच्या पाठीवर ठेवला. ते अगदी शांत झाले. उतारावर ब्रेक लागेनासा झाला की अनुभवी ड्रायव्हर होतो, तसे. त्यांच्या छातीतली धडधड तिला तिच्या गालाशी लागत होती. तिच्या मांड्या थरथरायला लागल्या होत्या. मागे पलंग, पुढे खुर्ची, आणि तिला दोन्हीपैकी कुठेही जाता येत नव्हतं. कारखान्यात या वेळी खोकी गाडीत चढत असतील, एकेका खोक्यात असेच हुक. आणि ती इथून पाऊलही उचलू शकत नव्हती. तिला रडू फुटलं, पण हुंदक्यानं अंग हलेल म्हणून तिनं तेही दाबलं.

मग आप्पा बोलले. आवाज खाली होता, आणि त्यात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"सूनबाई, तपासणी झाली म्हणालीस ना?"

"झाली."

"कुणी केली?"

"मीच केली."

"सही पण तुझीच?"

"माझीच, आप्पा."

खाली चौकात गाड्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही.

"मग मला धरून कशाला उभी आहेस?"

तिनं त्यांना आणखी घट्ट धरलं.